अज्ञात आणि गैब

जे आपणांस ठाऊक नाही, त्यास सामोरे कसे जावे, हा प्रश्न प्रत्येक ज्ञानशाखेपुढे उभा राहतो.

नवव्या शतकात बगदाद येथे अल-ख्वारिज्मी यांनी बीजगणितावर ग्रंथ लिहिला, तेव्हा अज्ञात राशीस त्यांनी 'शै' म्हणजे 'वस्तू' असे साधे नाव दिले. ती राशी ठाऊक नसली तरी ज्ञात राशींशी तिचे नाते ठाऊक असते. त्यावरून ती शोधता येते. खगोलशास्त्रातही असेच घडले. युरेनसच्या गतीतील तफावतीवरून फ्रेंच गणिती ल व्हेरिए यांनी न दिसलेल्या एका ग्रहाचे स्थान वर्तविले आणि १८४६ मध्ये बर्लिनच्या वेधशाळेतून नेपच्यून दिसला. पुढे बुधाच्या गतीवरून त्यांनी आणखी एका ग्रहाचे अनुमान केले. तो मात्र सापडला नाही, कारण तो नव्हताच. ती तफावत १९१५ मध्ये आइन्स्टाइन यांच्या सिद्धांताने उलगडली. अशा अज्ञाताचा शोध घ्यावा, आणि चुकल्यास ती चूक मान्य करावी.

कुरआन ज्यास 'गैब' म्हणतो, ते याहून निराळे आहे. सूरह अल-बकराच्या प्रारंभीच (आयत ३) गैबवरील श्रद्धा हे ईशभय बाळगणाऱ्यांचे लक्षण सांगितले आहे. सूरह अल-अनआम (आयत ५९) नुसार गैबच्या किल्ल्या केवळ अल्लाहपाशी आहेत. सूरह अल-आराफमध्ये (आयत १८८) तर खुद्द प्रेषितांना (स.) असे जाहीर करण्याची आज्ञा आहे की, आपणांस गैबचे ज्ञान असते तर आपण पुष्कळ लाभ करून घेतला असता.

मग घरात आजारपण आले, मुलीचे लग्न जमेना, की आपली पावले भविष्य सांगणाऱ्याच्या दाराकडे का वळतात? आजाराचे कारण शोधण्याजोगे आहे. ते डॉक्टरांकडे शोधावे. उद्या काय घडेल, हे गैब आहे. ते अल्लाहवर सोपवावे. आपण नेमके उलट करतो: शोधायचे ते नशिबावर टाकतो आणि सोपवायचे ते बाबाला विचारतो.

इस्तिखाऱ्यासही अनेकजण स्वप्नात उत्तर मिळविण्याचे साधन समजतात. हदीसमध्ये शिकविलेला इस्तिखारा म्हणजे दोन रकअत नमाज आणि दुआ. त्या दुआत दास भविष्य विचारीत नाही. अल्लाह जाणतो, मी जाणत नाही, अशी कबुली देऊन तो केवळ आपले भले मागतो आणि मग निर्धाराने कामाला लागतो.

शोधावे काय आणि सोपवावे काय, हे ओळखण्याची सुबुद्धी अल्लाह आपणा सर्वांस देवो. आमीन.