एक गाव मागितलं, आठ आली

वर्धा जिल्ह्यातल्या गावांची यादी आम्ही एक्सएमएलमध्ये लावत होतो. वर जिल्हा, त्याखाली तालुके, तालुक्यांखाली गावं. टॅगची नावं देवनागरीतच ठेवली होती. एक्सएमएलला ती चालतात. (अशा फाइलीतून हवा तो भाग निवडायच्या एक्सपाथ या भाषेतली अक्षांची नावं आणि आकडे मात्र संगणकात इंग्रजीतच लिहावे लागतात.) यादीतलं पहिलं गाव काढायला एका सहकाऱ्याने //गाव[१] लिहिलं, तर आठ गावं आली. वर्धा, देवळी, सेलू, आर्वी, आष्टी, कारंजा, हिंगणघाट, समुद्रपूर या प्रत्येक तालुक्यातलं पहिलं.

यंत्राचं बरोबर होतं. एक्सपाथच्या पायरीत अक्ष सांगतो कुठल्या दिशेने जायचं, नोड-चाचणी सांगते त्या वाटेवरचं काय घ्यायचं, आणि चौकटी कंसातली अट त्यातलं नेमकं निवडते. १९९९च्या पहिल्या आवृत्तीत असे १३ अक्ष आहेत. अक्ष लिहिलाच नाही, तर ‘चाइल्ड’ धरला जातो. // म्हणजे ‘डिसेंडंट-ऑर-सेल्फ::नोड()’ या अख्ख्या पायरीचं लघुरूप. त्यानंतरचा गाव[१] हा पुन्हा चाइल्डच. म्हणून मोजणी प्रत्येक तालुक्याखाली नव्याने सुरू होते. एकच गाव हवं असेल तर (//गाव)[१] किंवा /डिसेंडंट::गाव[१] लिहा. आणि नमुन्याच्या फाइलीत किमान दोन तालुके ठेवा, एका तालुक्यात हा फरक दिसतच नाही.

मागे जाणारे अक्ष उलटे मोजतात. ‘प्रीसीडिंग-सिब्लिंग::गाव[१]’ म्हणजे लगेच आधीचं गाव, यादीतलं पहिलं नव्हे. ‘प्रीसीडिंग’ तर पूर्वजांना वगळतो: गिरड या गावावर उभं राहून ‘प्रीसीडिंग::तालुका’ मागितलात, तर आधीचे सगळे तालुके येतील, पण गिरड ज्यात आहे तो समुद्रपूर येणार नाही. त्याला ‘अँसेस्टर’ लागतो.

चाचणीत * लिहिलं की चाइल्ड अक्षावर फक्त एलिमेंट येतात. नोड() लिहिलं की दोन टॅगांमधली मोकळी जागाही मजकूर म्हणून मोजली जाऊ शकते.

मराठी टॅगांचा एक धोका मात्र कुठल्या पाठ्यपुस्तकात मला दिसला नाही. ‘शेतकऱ्याचे’ मधला ऱ्या दोन तऱ्हांनी टाइप होतो: ऱ आणि हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच. पण नावाची चाचणी अक्षरांचे संकेत ताडते, रूप नाही. म्हणून उत्तर रिकामं येतं आणि चूकही दाखवली जात नाही. असं झालं की आधी * लावून टॅग खरंच तिथे आहे का पाहा, मग त्याचं नाव फाइलीतून थेट उचलून चाचणीत चिकटवा.