सगळं काठावर

सई : मावशी, पेन्सिलीतलं ग्राफाइट काळंकुट्ट, त्यातून वीज सहज जाते. बोरॉन नायट्राइडची पूड पांढरीशुभ्र, तिच्यातून वीज जातच नाही. तरी दोघांची रचना सारखी?

मावशी : सारखीच. दोन्हीकडे मधाच्या पोळ्यासारखे षटकोन. शेजारच्या अणूंमधलं अंतरसुद्धा जवळपास तेच : कार्बनचं ०.१४२ नॅनोमीटर, बोरॉन नायट्राइडचं ०.१४५. इलेक्ट्रॉनही तितकेच. कार्बनच्या बाहेरच्या कवचात ४ आणि ४. तिकडे बोरॉनचे ३, नायट्रोजनचे ५. जोडीमागे ८.

सई : मग बिनसतं कुठं?

मावशी : वाटणीत. कार्बनच्या पत्र्यात दोन्ही शेजारी सारखे, म्हणून इलेक्ट्रॉन मोकळा हिंडतो. बोरॉन नायट्राइडमध्ये नायट्रोजन त्याला आपल्याकडे ओढून धरतो. सोडवायला सुमारे ६ इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा लागते, हीच ऊर्जेची फट. डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाच्या कणाकडे जेमतेम ३ असते. प्रकाश शोषलाच जात नाही, म्हणून पूड पांढरी.

सई : आणि अशा पत्र्याची अरुंद पट्टी केली तर?

मावशी : हा षटकोनी जाळीचा कागद घे आणि काप. बघ, या दिशेनं कापलंस तर कड करवतीच्या दातांसारखी आली. ही झिगझॅग. आता काटकोनात काप. ही आर्मचेअर, खुर्चीच्या हातांसारखी. पट्टी फार अरुंद झाली की तिचा स्वभाव काठ ठरवतात.

सई : कसा?

मावशी : कार्बनची आर्मचेअर पट्टी अर्धवाहक असते. रुंदीतल्या अणूंच्या ओळी मोज आणि ३ नं भाग. बाकी २ उरली तर ऊर्जेची फट अगदी लहान, १ उरली तर सगळ्यांत मोठी. एक ओळ वाढली की पदार्थच बदलल्यासारखा! २०१० मध्ये ७ ओळींची पट्टी सोन्याच्या पृष्ठभागावर रेणूला रेणू जोडून घडवली गेली. कात्रीनं अशी नेमकी कड कधीच आली नसती.

सई : आणि झिगझॅग?

मावशी : मला तीच जास्त आवडते. तिच्या काठांवर एकाच ऊर्जेच्या इलेक्ट्रॉनांची दाटी होते. प्रत्येक इलेक्ट्रॉन म्हणजे चिमुकला चुंबक. दाटीत आपसातलं ढकलणं कमी व्हावं म्हणून एका काठावरचे सगळे एकाच दिशेला तोंड करतात, समोरच्या काठावरचे नेमके उलट. बेरीज शून्य.

सई : मग उपयोग काय?

मावशी : पट्टीला आडवं विद्युतक्षेत्र लाव. दोन काठ आता सारखे राहत नाहीत. क्षेत्र पुरेसं जोरदार असेल, तर एका दिशेच्या चुंबकांना वाट मोकळी होते, दुसऱ्यांना बंद. याला अर्धधातू म्हणतात. सोन, कोहेन आणि लुई या भौतिकशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये हे गणितानं दाखवलं.

सई : बोरॉन नायट्राइडच्या झिगझॅग पट्टीतही असंच होतं?

मावशी : तिथं एका काठावर बोरॉन, दुसऱ्यावर नायट्रोजन. काठांना हायड्रोजन जोडलेला असेल तर चुंबकत्व नाही, फट मात्र मोठी. आडव्या क्षेत्रानं ती कमी करता येते. काठ उघडे ठेवले तर चुंबकत्व येतं, असं गणित सांगतं.

सई : दोन्ही एकत्र जोडले तर?

मावशी : अगदी बरोबर विचारलंस! २००९ मध्ये बंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू सेंटरमधल्या गटानं तेच करून पाहिलं, अर्थात संगणकावर. बोरॉन नायट्राइडच्या पट्टीला काठाशी कार्बनच्या षटकोनांची एक रांग लावली. ती पट्टी अर्धधातू ठरली, रुंदी कितीही असो, बाहेरचं क्षेत्र असो वा नसो. क्षेत्रानं जे करावं लागत होतं, ते काठच करू लागला.

सई : पण हे सगळं कागदावरच ना?

मावशी : अर्धधातूचं, हो. पण कार्बनची ६ ओळींची झिगझॅग पट्टी २०१६ मध्ये सोन्यावर खरोखर घडवली गेली, आणि तिच्या काठांवरचे ते इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दिसले.