पद्मिनी की अ‍ॅम्बेसेडर? मशीन घेण्याआधी हे टेबल वाचायला शिका

व्हिडिओत दोन्ही गाड्यांचं टेबल दोन मिनिटांत उरकलं होतं. इथे जरा निवांत बघू, कारण कर्ज काढून टेम्पो, ओव्हन किंवा पॅकिंग मशीन घेणारे तुमच्यापैकी बरेच जण असंच टेबल बघून सही करतात.

प्रीमियर पद्मिनी आपल्या कुर्ल्याची. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सने 1964 पासून फियाट 1100 डिलाईट बनवली आणि 1974 मध्ये तिला पद्मिनी हे नाव मिळालं. अ‍ॅम्बेसेडर कोलकात्याजवळच्या उत्तरपाड्याची, 1958 पासूनची, मूळ मॉडेल मॉरिस ऑक्सफर्ड.

आता आकडे. पद्मिनीचं इंजिन 1089 सीसी, ताकद साधारण 40 हॉर्सपॉवर. जुनी पेट्रोल अ‍ॅम्बेसेडर 1489 सीसी, साधारण 50. गिअर दोन्हींना चारच, तेही स्टिअरिंगजवळच्या दांडीवर. (1990 नंतर अ‍ॅम्बेसेडरला 1800 सीसीचं इसुझू इंजिन आलं, तो वेगळा हिशोब.) कागदावर अ‍ॅम्बेसेडर जिंकली ना?

थांबा, मापं बघा. पद्मिनी 3930 मिमी लांब, 1460 रुंद. अ‍ॅम्बेसेडर 4325 लांब, 1662 रुंद. गुणाकार केला तर अ‍ॅम्बेसेडर रस्त्यावर जवळपास सव्वापट जागा खाते. ताकदही सव्वापटच जास्त! म्हणजे जास्तीच्या ताकदीचा मोठा वाटा ते मोठं धूड ओढण्यातच जाणार.

आणि रुंदीतला 20 सेंटीमीटरचा फरक घाटकोपर स्टेशनबाहेर संध्याकाळी सात वाजता काय करतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. तिथे टॉप स्पीड विचारतं कोण? टॅक्सीवाल्याला लागतं ते वेगळं: छोट्या जागेत वळणं, टपावर कॅरिअर, मागे तीन माणसं आणि बिघडली तर त्याच दिवशी मिळणारा पार्ट. कारखानाच कुर्ल्यात, मेकॅनिक गल्लोगल्ली. माझ्या मते मुंबईची काळी-पिवळी पद्मिनी झाली त्यात या शेवटच्या गोष्टीचा वाटा इंजिनाहून मोठा. कोलकात्याने मात्र अ‍ॅम्बेसेडरच टॅक्सी म्हणून चालवली. कारखाना तिथून जवळ, हे लक्षात घ्या.

माझ्या दुकानात मिक्सर घ्यायला आलेलं गिऱ्हाईक आधी वॉट विचारतं. भांडं फुटलं तर दुसरं कुठे मिळेल, हे दहातला एखादाच विचारतो.

पण जवळचा पार्ट म्हणजे कायमचं कवच नव्हे. 1983 च्या डिसेंबरात मारुती 800 आली. इंजिन फक्त 796 सीसी! तरी घरगुती गिऱ्हाईक तिकडे वळलं, कारण तिने तुलनेचे रकानेच बदलले: हलकी, नवी, पेट्रोल कमी. पद्मिनी टॅक्सीत तग धरून राहिली. ताडदेव आरटीओत शेवटची पद्मिनी टॅक्सी 29 ऑक्टोबर 2003 ला नोंदली गेली आणि 20 वर्षांची मुदत संपल्यावर 2023 च्या ऑक्टोबर अखेरीस तीही रस्त्यावरून उतरली. अ‍ॅम्बेसेडरचं उत्पादन 2014 मध्ये थांबलं होतं.

आता गृहपाठ. हातात असलेल्या कोटेशनवर पेनाने तीन जादा रकाने काढा: माझ्या जागेत मावतं का, पार्ट किती तासांत येतो, बंद पडलं तर दिवसाला किती बुडतात. तिसऱ्याचा आकडा रुपयांतच लिहा. तो लिहून झाल्याशिवाय टोकन देऊ नका.