तण काढा, बांधी राखा

धानाच्या बांधीत तण दिसले की आपण काय करतो? निंदण करतो. तण उपटतो, धान राखतो. तण आले म्हणून कोणी सारा धान कापून टाकीत नाही. बायांच्या एका आजाराचेही असेच आहे.

गर्भपिशवीला तोंड असते. त्या तोंडाला कॅन्सर होतो; पण तो एका रात्रीत होत नाही. आधी तोंडावरची कातडी बिघडते. हे झाले तण. त्याचा कॅन्सर व्हायला बहुधा १० ते १५ वर्षे लागतात.

कातडी का बिघडते? एचपीव्ही नावाचा विषाणू नवराबायकोच्या संबंधातून येतो. तो बहुतेकांना कधी ना कधी होतो आणि एकदोन वर्षांत आपोआप जातो. यात पाप नाही, लाज नाही. पण काहींच्या अंगात तो ठाण मांडतो. लहान वयात लग्न, पुष्कळ बाळंतपणे, बिडी-तंबाखू, एचआयव्हीचा आजार, यांनी धोका वाढतो.

आम्ही हे सांगू लागलो की बाया म्हणतात, "मला तर काहीच होत नाही." आपल्या गडचिरोलीतले पाहा. डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनी वसा व अमिर्झा या गावांतल्या ६५० बाया तपासल्या. ती माहिती १९८९ साली छापून आली. शंभरातल्या ४५ बायांची काही तक्रार नव्हती. तरी शंभरात ९२ जणींना बायांचा काही ना काही आजार निघाला. ते कॅन्सर नव्हते. पण आजार लपून राहतो, हे दिसले.

दुसरी भीती मोठी. "तपासले की पिशवी काढतात. मग लेकरू कुठून?" तसे नाही.

तपासणी सोपी आहे. नर्सबाई पिशवीच्या तोंडाला सिरक्यासारखे पातळ औषध लावते. एक मिनिट थांबते. पांढरा डाग दिसला तर डॉक्टर पुढे तपासतात. मुंबईत टाटा हॉस्पिटलने १९९८ पासून झोपडपट्टीतल्या बायांची अशी तपासणी केली. दहावी शिकलेल्या बायांनीच ती केली. या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ एक तृतीयांशाने घटले.

डाग लहान असला तर तो थंडीने गोठवतात किंवा उष्णतेने जाळतात. काही मिनिटांचे काम. डाग आत गेला असला तर तेवढाच तुकडा कापतात. पिशवी राहते, पाळी राहते, पुढे मूलही होऊ शकते. तुकडा काढलेल्या बाईचे बाळंतपण कधी लवकर होते. म्हणून गरोदरपणी डॉक्टरांना ते सांगावे. उपचारानंतर वर्षाने पुन्हा तपासावे.

नुसते पांढरे जाते म्हणून कोणी पिशवी काढा म्हटले, तर विचारा: "तुकडा तपासला काय? तेवढेच काढता येईल काय?" मात्र कॅन्सरच निघाला तर डॉक्टर सांगतील तो उपचार लगेच घ्यावा.

तिशीनंतर दर ५ वर्षांनी सरकारी दवाखान्यात तपासणी करावी. संबंधानंतर किंवा पाळी बंद झाल्यावर रक्त गेले तर त्याच आठवड्यात जावे. ९ ते १४ वर्षांच्या मुलींसाठी लस आहे; तिची चौकशी करा. आणि दादांनो, बायको एकटी जायला लाजते. तुम्ही सोबत जा.

सांगा पाहू:
१. तण म्हणजे येथे काय?
२. डाग काढल्यावर पिशवी राहते काय?
३. आपल्या घरात तिशीच्या पुढच्या बाया किती? त्यांपैकी किती तपासल्या?