ताण-क्षरणजन्य तडे आणि धातूंची कसोटी

क्षरण म्हटले की लोखंडावरचा तांबडा गंज डोळ्यांसमोर येतो. ताण-क्षरणजन्य तडे हा त्याहून फसवा प्रकार होय. धातूवरील ओढ व त्याला नेमके बाधणारे रसायन एकत्र आले की पृष्ठभाग जवळजवळ शाबूत दिसत असतानाच आत सूक्ष्म भेगा पसरतात आणि वस्तू अचानक तुटते. ही ओढ बाहेरच्या भाराचीच असावी लागते असे नाही. घडवताना धातूत कोंडून राहिलेला अवशिष्ट ताणही त्यास पुरतो.

याचे अभिजात उदाहरण ब्रिटिश अमदानीतील भारतातलेच आहे. 70 टक्के तांबे व 30 टक्के जस्त असलेल्या पितळी काडतुसांना पावसाळ्यात आपोआप तडे जात. तबेल्यांत साठवलेल्या या काडतुसांभोवती घोड्यांच्या मूत्रातून निघणारा अमोनिया व दमट हवा असे. त्याचा उलगडा 1921 मध्ये झाला. उपाय मात्र साधाच होता: घडवलेले पितळ बेताच्या आचेवर तापवून ताण उतरवणे.

वाराणसीत पितळ ठोकून उठावाचे नक्षीकाम करण्याची परंपरा आहे आणि प्रत्येक ठोक्यासरशी धातूत ताण शिरतो. त्याच शहरात, बनारस हिंदू विद्यापीठात, 1923 मध्ये धातुशास्त्राचे अध्यापन सुरू झाले. तेथील तंत्रज्ञान संस्थेला 2012 मध्ये आयआयटीचा दर्जा मिळाला.

चाचण्यांचे स्वरूप धातूनुसार बदलते. पितळ मर्क्युरस नायट्रेटच्या द्रावणात बुडवल्यास दडलेला ताण तड्यांच्या रूपाने उघड होतो; पारा विषारी असल्याने त्याऐवजी अमोनियाच्या वाफेची चाचणीही घेतात. स्टेनलेस स्टीलसाठी उकळते मॅग्नेशियम क्लोराइड वापरतात. ही परीक्षा इतकी कठोर की तिच्यावरून मिश्रधातूंची प्रतवारी करता येते, प्रत्यक्ष आयुष्य सांगता येत नाही. तिसऱ्या पद्धतीत नमुना अत्यंत मंद गतीने ताणतात व रसायनातील लांबणे निष्क्रिय माध्यमातील लांबण्याशी ताडतात. हे गुणोत्तर 1 च्या जितके जवळ, तितका प्रतिकार अधिक.

चाचणीचा खर्च उत्पादक करतो, अपघाताची किंमत बहुधा इतरच मोजतात. अर्थशास्त्रातील बाह्य परिणाम तो हाच. 2016 च्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासाने क्षरणाचा जागतिक खर्च वर्षाला 2.5 लक्ष कोटी डॉलर, म्हणजे 2013 च्या जागतिक उत्पन्नाच्या 3.4 टक्के, असा अंदाजला. त्यात सर्व प्रकारचे क्षरण येते, हे उत्तर लिहिताना विसरू नये.

15 डिसेंबर 1967 रोजी अमेरिकेत ओहायो नदीवरील सिल्व्हर ब्रिज कोसळून 46 जण दगावले. एका पोलादी पट्टीतील सुमारे अडीच मिलिमीटर खोल भेग त्यास कारण ठरली. जोड सुटा केल्याशिवाय ती दिसणे शक्य नव्हते. पुढच्याच वर्षी तेथे पुलांच्या तपासणीचे राष्ट्रीय निकष ठरवण्याची कायद्यात तरतूद झाली.