‘कानोसा’ आणि ‘साक्षात्कार’ : रुग्णकथनाचे दोन प्रकार व आरोग्यसंशोधन

रोग आणि दुखणे हे शब्द मराठीत पुष्कळदा एकमेकांच्या जागी येत असले, तरी त्यांतील भेद नित्याच्या बोलण्यात शाबूत आहे. रोगाचे निदान होते. दुखणे सोसले जाते. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ व मानववंशशास्त्रज्ञ आर्थर क्लाइनमन यांनी १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या रुग्णकथनांवरील आपल्या ग्रंथात जवळपास हाच भेद सिद्धान्त म्हणून मांडला आणि वैद्यकाने दुखण्याची कहाणी ऐकली पाहिजे असा आग्रह धरला. दवाखान्याच्या केसपेपरवर मात्र रुग्णाच्या सांगण्याला ‘तक्रार’ म्हणतात. तक्रारीचे लक्षणात रूपांतर झाले, की सांगणारा मागे पडतो. संशोधनासाठी रुग्णाने आपला अनुभव सांगावा अशी अपेक्षा जेव्हा केली जाते, तेव्हा हे मागे पडलेले माणूस परत पुढे यावे, अशीच ती अपेक्षा असते. ही अपेक्षा वैद्यकाची असली, तरी ती पुरी होते भाषेत. म्हणून तिचा विचार साहित्याच्या अभ्यासकाच्या कक्षेत येतो.

या दृष्टीने गडचिरोली जिल्ह्यातील एका संशोधनाचे उदाहरण विशेष बोलके आहे. डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन खेड्यांतील ६५० स्त्रियांची तपासणी करून स्त्रीरोगांविषयीचे निष्कर्ष १९८९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केले. ५५ टक्के स्त्रियांनी काही ना काही तक्रार सांगितली होती. तपासणीत ९२ टक्के स्त्रियांना एक किंवा अधिक स्त्रीरोग आढळले. दर स्त्रीमागे रोगांची सरासरी ३.६ इतकी होती. यापूर्वी तपासणी व उपचार झालेल्या स्त्रिया अवघ्या ८ टक्के होत्या. खेड्यातील स्त्रीचे आरोग्य म्हणजे बाळंतपण व कुटुंबनियोजन, असे मानण्याचा तो काळ होता, आणि या आकड्यांनी त्या समजुतीलाच धक्का दिला.

साहित्याच्या अभ्यासकाने ५५ आणि ९२ या दोन आकड्यांमधील अंतरापाशी थांबावे. वैद्यकीय अहवालाने उरलेल्या ४५ टक्के स्त्रियांची गणना लक्षणरहित म्हणून केली. अनेक जंतुसंसर्ग कोणतेही लक्षण न दाखवता शरीरात राहतात, हे वैद्यकीय सत्य आहे. तेव्हा हे सर्व अंतर मौनाचे आहे असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल. परंतु ते सर्व लक्षणाच्या अभावाचे आहे, असेही केवळ आकड्यावरून म्हणता येत नाही. न होणे आणि न सांगणे यांतला फरक टक्केवारीत उमटत नाही.

येथे मराठीतील एक वाक्प्रचार उपयोगी पडतो : दुखणे अंगावर काढणे. उपचाराविना, कामात खंड न पाडता आजार सोसून नेणे, असा त्याचा अर्थ. हा वाक्प्रचार क्वचितच निंदेने वापरला जातो. बहुधा त्यात कौतुक तरी असते किंवा हतबलता तरी. अंगावर काढलेले दुखणे तक्रार होत नाही, कारण तक्रार करण्यासाठी ते आधी वेगळे काढून पाहावे लागते. ‘अंगावरून जाणे’ हा प्रयोगही असाच. पांढरे जाणाऱ्या बाईच्या बोलण्यात रोगाचे नाव येत नाही. येते ते एक अकर्मक क्रियापद, जणू शरीरातून काही आपोआप निघून जात आहे आणि बाई त्याची केवळ साक्षीदार आहे. एखादा आजार आहे का, असे विचारणाऱ्या प्रश्नावलीला अशी स्त्री प्रामाणिकपणे नाही म्हणेल. कंबर धरते का, हातापायांत जीव राहतो का, असे विचारले, तर उत्तर निराळे येण्याचा संभव आहे. संशोधनाची गुणवत्ता अशा वेळी प्रश्नकर्त्याच्या भाषाज्ञानावर अवलंबून राहते.

राणी बंग यांच्या पुस्तकाचे ‘कानोसा’ हे नाव या संदर्भात अर्थपूर्ण वाटते. कानोसा घेतला जातो तो अस्पष्ट आवाजाचा, बहुधा दाराबाहेरून. ऐकणाऱ्याचे चापल्य त्या शब्दात आहे, आणि सांगणाऱ्याच्या नकळत ऐकल्याची एक पुसट छटाही. या पुस्तकातील ग्रामीण स्त्रियांच्या कहाण्या डॉक्टरच्या निवेदनातून वाचकापर्यंत येतात. त्या डॉक्टरने मन लावून ऐकल्या नसत्या, तर त्या लिहिल्याच गेल्या नसत्या, हे खरे. तथापि निवड, क्रम आणि शेवट निवेदकाच्या हाती आहेत, हेही नजरेआड करता येत नाही.

अभय बंग यांचे ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ (२०००) हे पुस्तक दुसऱ्या टोकाला उभे आहे. वयाच्या ४४व्या वर्षी आलेल्या हृदयविकाराच्या झटक्यानंतर एका आरोग्यसंशोधकाने स्वतःलाच अभ्यासविषय केले आहे. येथे रुग्ण, वैद्य आणि निवेदक एकच आहेत. कॅनडातील समाजशास्त्रज्ञ आर्थर फ्रँक यांनी १९९५ साली आजाराच्या कथनांचे तीन प्रकार मांडले : पूर्ववत बरे होण्याचे, गोंधळाचे आणि शोधाचे. बंग यांचे कथन उघडच तिसऱ्या प्रकारचे आहे. ‘साक्षात्कारी’ हे विशेषण ते शीर्षकातच जाहीर करते. या विशेषणामागे मराठी संतपरंपरेचे मोठे वजन आहे, आणि पुस्तकाच्या अफाट लोकप्रियतेत या परिचित साच्याचा वाटा असावा. आजार हा शोध ठरतो तो त्यातून वाचलेल्याला, वेळ व शब्द लाभलेल्याला. संशोधनाने केवळ अशीच कथने जमवली, तर रोगाचे चित्र आहे त्याहून उजळ दिसेल. पद्मजा फाटक यांच्या ‘हसरी किडनी’तील विनोदाविषयीही हीच सावधगिरी बाळगावी लागेल, जरी त्यांचा विनोद साक्षात्काराच्या भाषेपेक्षा रोजच्या दुखण्याच्या अधिक जवळ राहतो.

गोंधळाचे कथन सांगताच येत नाही, असे फ्रँक यांचे निरीक्षण आहे; त्यात ‘मग’ आणि ‘म्हणून’ जुळत नाहीत. गडचिरोलीच्या ६५० स्त्रियांपैकी कितीजणींचे दुखणे या जातीचे असेल, हे त्यांच्या तपासणीचे कागद सांगू शकत नाहीत. दोन्ही कथनांतील आणखी एक भेद नावाचा आहे. आत्मकथन लिहिणाऱ्याचे नाव मुखपृष्ठावर असते व तेच कथनाच्या विश्वसनीयतेचा आधार बनते. संशोधनात सहभागी झालेल्या स्त्रीचे नाव मात्र तिच्याच संरक्षणासाठी गाळावे लागते, आणि ते योग्यही आहे. पण नावाबरोबर तिची बोली, तिची क्रियापदे आणि मधले थांबणेही टिपणातून गळते. नाव गाळणे नीतीला आवश्यक आहे. बोली गाळणे आवश्यक नाही. मुलाखतीचे टिपण प्रमाण मराठीत आणि पुढे इंग्रजीत नेताना ‘अंगावरून जाते’ याचे काय झाले, याची नोंद ठेवण्याचे काम मराठीच्या अभ्यासकाने वैद्यकीय संशोधकाशेजारी बसून करण्यासारखे आहे.