तेरा वर्षांचा व्यायाम एका रविवारी

मंगळवारी संध्याकाळी ऑफिसातून घरी आलो, लघवीला गेलो आणि जे दिसलं त्यावर विश्वास बसेना. बिनदुधाच्या चहासारखा रंग. उन्हामुळे असेल, पाणी कमी पडलं असेल, असं म्हणून दोन तांबे पाणी प्यायलो. रात्री पुन्हा तोच रंग, आणखी गडद. मांड्या तर दोन दिवसांपासून इतक्या दुखत होत्या की पलंगावरून उठायला भिंतीचा आधार लागत होता. बायको म्हणाली, "अहो, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात चला." ती म्हणाली म्हणून गेलो. नाहीतर मी सकाळची वाट पाहिली असती, आणि ती वाट महागात पडली असती.

त्याआधीचं सांगतो. माझं वय चव्वेचाळीस. राहणं कामठीत, नोकरी नागपुरात. सकाळी साडेआठला घर सोडायचं, गाडीने ऑटोमोटिव्ह चौक, तिथून मेट्रोने सीताबर्डी. परत यायला रात्रीचे आठ. मेट्रो पुढे कामठीवरून कन्हानपर्यंत येणार आहे, तोवर कामठी रोडच्या गर्दीत रोजचा तासभर जातोच. कॉलेजात असताना कबड्डी खेळायचो. नोकरी लागली, लग्न झालं, तेरा वर्षं अंगाला व्यायाम म्हणून काही लागलं नाही. फेब्रुवारीत तपासणी केली तेव्हा रक्तदाब १४२/९२ आणि उपाशीपोटीची साखर ११८ निघाली. डॉक्टर म्हणाले, आत्ता हललात तर गोळ्या टळतील.

मी हललो, पण घाबरून. हप्त्यात सहा दिवस वेळ नाही, म्हणून सगळं रविवारी उरकायचं ठरवलं.

कामठी छावणीचं गाव आहे. १८२१ पासून इथे फौज आहे, गार्ड्स रेजिमेंटचं केंद्र इथेच आहे. पहाटे रस्त्यावर भरतीची पोरं पळताना दिसतात. सैन्याला १.६ किलोमीटर, पोलीस भरतीला १६०० मीटर, म्हणजे अंतर एकच, आणि त्यासाठी ही पोरं महिनोन्महिने घाम गाळतात. मार्चमधल्या त्या रविवारी मी त्यांच्यासोबत मैदानात उतरलो. दोनदा १६०० मीटर पळालो. तिथून थेट जिममध्ये जाऊन खांद्यावर बार घेऊन स्क्वाट मारले. जिममधला एक पंचविशीतला पोरगा बैठका मारत होता, त्याच्याबरोबर मोजत मोजत दोनशे बैठका काढल्या. बाजूला एक वयस्क गृहस्थ डंबेल पुसून ठेवत होते. ते म्हणाले, "काऊन इतकी घाई करून रायले भाऊ? आज नाही झालं तं उद्या होईन." मी हसून पुढच्या पन्नास मारल्या. ते वाक्य अजून कानात आहे.

सोमवारी मांड्या लाकडासारख्या झाल्या. दुखतंय म्हणजे व्यायाम लागला, अशी माझी समजूत. औषधाच्या दुकानातून वेदनाशामक गोळी आणली आणि दिवसातून दोनदा घेतली. ही दुसरी चूक, आणि डॉक्टरांच्या मते पहिलीपेक्षा कमी नाही.

दवाखान्यात रक्त तपासलं. सीके नावाचं एक द्रव्य स्नायूंच्या आत असतं. रक्तात ते साधारण दोनशेपर्यंत चालतं. माझं अडतीस हजार होतं. आजाराचं नाव ऱ्हॅब्डोमायोलिसिस. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं : सवय नसलेल्या स्नायूवर एकदम मोठा भार पडला की त्याच्या पेशी फुटतात. आतलं मायोग्लोबिन रक्तात येतं, मूत्रपिंडात जाऊन तिथल्या बारीक नळ्या चोंदवतं, आणि तेच लघवीला चहाचा रंग देतं. बैठकीत खाली जाताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच वजन पेलतो, त्या वेळी पेशींना सर्वांत जास्त इजा होते. वरून ऊन, पाणी कमी, आणि मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा घटवणारी वेदनाशामक गोळी. मूत्रपिंडावर ताण आल्याची खूण असलेलं क्रिएटिनिन माझ्या रक्तात वाढलेलं होतं. पाच दिवस सलाइन चढत राहिलं. मूत्रपिंडं वाचली, डायलिसिसची वेळ आली नाही. पुढचे सहा आठवडे चालण्यापलीकडे काही करायचं नाही, असं सांगून घरी सोडलं.

त्या सहा आठवड्यांत मी भरपूर वाचलं. आधी वाटत होतं, रविवारी व्यायाम केला हीच चूक. तसं नाही. इंग्लंड-स्कॉटलंडमधल्या ६३ हजारांहून अधिक लोकांची माहिती तपासून २०१७ साली एक अभ्यास छापून आला. आठवड्याचा व्यायाम एक-दोन दिवसांत करणाऱ्यांमध्येही काहीच न करणाऱ्यांपेक्षा मृत्यूचं प्रमाण बरंच कमी आढळलं. म्हणजे रविवार वाईट नाही. तेरा वर्षांची उडी एका सकाळी मारली, ते वाईट. आखाड्यातला वस्ताद नव्या पोराला पहिल्या दिवशी थोड्याच बैठका देतो आणि आठवड्या-आठवड्याने आकडा चढवतो. ही रीत माझ्या आजोबांना ठाऊक होती. मला ती माहीत असूनही मी मोडली.

जागतिक आरोग्य संघटनेचा २०२० चा सल्ला वाचून मात्र मन शांत झालं. आठवड्याला दीडशे ते तीनशे मिनिटं मध्यम दमाचा व्यायाम, किंवा पाऊणशे ते दीडशे मिनिटं जोराचा, आणि किमान दोन दिवस स्नायूंना ताकदीचं काम. पूर्वी एकेक तुकडा निदान दहा मिनिटांचा हवा अशी अट होती, तीही या वेळी काढून टाकली. माझ्यासारख्या माणसासाठी ही मोठी सूट आहे. सीताबर्डीला मी आता सरकत्या जिन्याने जात नाही, पायऱ्या चढतो. दुपारी डबा खाल्ल्यावर पंधरा मिनिटं चालतो. संध्याकाळी घरापासून जरा लांब उतरतो. चालण्याचा वेग कसा ओळखायचा? बोलता यावं, गाता येऊ नये. यासाठी घड्याळ लागत नाही. रोजची पंचवीस मिनिटं अशीच तुकड्या-तुकड्यांत निघाली, तर सहा दिवसांत दीडशे होतात.

वजनांसाठी मंगळवार आणि शुक्रवार पक्के आहेत, पहाटे पस्तीस-चाळीस मिनिटं. कामं पाचच : बसून उठणं, ढकलणं, पाठीकडे ओढणं, कमरेतून वाकून उचलणं आणि दोन्ही हातांत वजन घेऊन चालणं. घरात जिमचं सामान नसेल तर पाण्याने भरलेली कॅन आणि तांदळाची पिशवी चालते. ढकलण्याचा एक सेट झाला की लगेच ओढण्याचा, कारण एक स्नायू काम करतो तेव्हा दुसरा विसावतो. वेळ इथे वाचतो, घाईत नाही. पहिला महिना मी प्रत्येकाचा एकच सेट केला, तोही अजून दोन-तीन वेळा जमलं असतं तिथे थांबून. दुसऱ्या महिन्यात दोन सेट. वजन तेव्हाच वाढवतो, जेव्हा लागोपाठ दोन वेळा ते सहज उचलता येतं.

एकाच दिवशी दोन्ही करायची वेळ आली तर आधी वजनं, मग चालणं-पळणं. रोज मात्र ही वेळ आणू नये : १९८० मध्ये रॉबर्ट हिक्सन या संशोधकाने दाखवलं होतं की दोन्ही प्रकार जोरात आणि जवळजवळ रोज केले तर काही आठवड्यांनी ताकद वाढायची थांबते, उलट घटते. आठवड्याला दोन-तीन दिवस करणाऱ्या सामान्य माणसाने त्याची धास्ती घेऊ नये. पण रोज दोन्ही करणं म्हणजे दुप्पट फायदा, हा माझा भ्रम त्याने मोडला.

मार्चअखेर आमच्याकडे काम वाढतं, झोप पाच तासांवर येते. अशा आठवड्यात मी व्यायाम सोडत नाही, अर्धा करतो. दोन आठवडे खंड पडलाच तर परतताना वजनही अर्ध्यावर आणतो. कामठीतल्या एप्रिल-मेचं तर वेगळंच आहे. पारा पंचेचाळीसला जातो आणि अंगाला उन्हाची सवय व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात, म्हणून त्या काळात सूर्य वर यायच्या आत सगळं आटोपतो, जोराचं काही करत नाही, आणि घरी आल्यावर मीठ घातलेलं ताक घेतो.

आज दीड वर्ष झालं. रक्तदाब १२६/८० आहे, उपाशीपोटीची साखर ९९. पस्तीस किलोची पोती उचलून जिना चढतो. भरतीच्या पोरांबरोबर आता पळतो, पण एकदाच, आणि त्यांच्या मागे.

तुम्ही बऱ्याच वर्षांनी सुरुवात करत असाल तर आधी डॉक्टरांना भेटा. कोलेस्टेरॉलची गोळी चालू असेल तर ती सांगा, कारण त्या गोळ्यांनीही स्नायूंना इजा होऊ शकते. आणि व्यायामानंतर लघवी काळपट दिसली, किंवा दुखणं दोन दिवसांनी उतरण्याऐवजी वाढत गेलं, तर वेदनाशामक गोळी घेऊन घरी बसू नका. त्याच रात्री दवाखाना गाठा.